शेवग्याची बी आणि सहा ग्लास

मागच्या जुलैमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी रडवेल्या चेहऱ्याने वर आली. सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका हातात ठाण्याच्या तलावपाळीवरून भरून आणलेली दोन लिटरची बाटली, दुसऱ्या हातात मोबाइल आणि त्यात एक व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस चहाच्या रंगाच्या पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड टाकतो, ढवळतो, आणि लगेच पाणी नितळ. हिने तेच केलं तर पाणी होतं त्याहून पांढुरकं झालं आणि दुसऱ्या दिवशी वास मारायला लागलं.

"काकू, व्हिडिओ खोटा आहे का?"

खोटा नाही, कापलेला आहे. मधले दीड-दोन तास कापलेत. पाणी कुठलं आणि पूड किती, हेही कापलंय. म्हणजे कामाचं सगळंच कापलंय.

माझी एकतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. पावसाळ्यात सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे तुरटीची जार टेस्ट. सहा भांडी, सहा डोस, आणि कुठल्या भांड्यात गाळ नीट बसतो ते बघायचं. नदी रोज वेगळी असते, म्हणून डोस रोज वेगळा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की शेवग्याच्या बियांचं मी ऐकलं तेव्हा हसले होते. घरगुती उपाय म्हटला की मला आधी त्यातला आकडा कुठे आहे ते बघायची खोड आहे, आणि बहुतेक वेळा तो नसतोच. या बाबतीत आकडा निघाला, तोही आफ्रिकेतल्या विद्यापीठांत. त्या मुलीला जे करायला लावलं, ते इथे लिहिते आहे. कुणाला प्रकल्पासाठी करायचं असेल, कुणाला नुसती हौस असेल. खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या वर जाणार नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय पुढचं करण्यात मजा नाही.

सुदानमध्ये नाईलला पूर येतो तेव्हा पाणी अक्षरशः काल्यासारखं होतं. तिथल्या गावांतल्या बायका शेवग्याची बी कुटून घागरीत टाकत. त्या झाडाला तिथे नावच 'शगरा अल रुवाग', म्हणजे निवळणारं झाड. आपल्याकडे निवळीच्या बिया याच कामासाठी घासून पाण्यात टाकायचे, आणि पाणी 'निवळतं' हे क्रियापद आपण अजून बोलतो, झाड मात्र विसरलो. सुदानमध्ये ही गोष्ट बायकांच्या घागरीतून प्रयोगशाळेत आली ती समिया अल अझारिया जान या बाईंमुळे. त्यांनी खार्टुम विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हामिद दिरार यांच्याबरोबर १९७९ मध्ये 'वॉटर एसए' या दक्षिण आफ्रिकी नियतकालिकात या बियांवर निबंध लिहिला. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मलावीत, थ्योलो नावाच्या चहामळ्यांच्या गावी, पाणी शुद्ध करणाऱ्या चालू केंद्रातच शेवगा वापरून पाहिला. सोबत इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचे लोक होते. मलावीला समुद्र नाही, तुरटी बाहेरून परकीय चलन मोजून आणावी लागते. बी मात्र परसात. तिथे लिटरला ७५ ते १०० मिलिग्रॅम बी वापरून पावसाळ्यातलं दाट गढूळ पाणी निवळलं, आणि पुढे वाळूच्या गाळणीतून बाहेर पडेपर्यंत त्याचा गढूळपणा ४ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आला. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतं. म्हणजे हे काही गमतीचं काम नव्हतं.

आणि हे झाड मूळचं आपल्या हिमालयाच्या पायथ्याचं. आपण त्याच्या शेंगा आमटीत घातल्या.

आता कामाला लागू.

पहिली अडचण बियांची. जांभळी नाक्यावर मिळणाऱ्या हिरव्या शेंगा घेऊन येऊ नका. कोवळ्या शेंगेतल्या बीमध्ये पाणी निवळवणारं प्रथिन तयार झालेलं नसतं. शेंग झाडावरच वाळून तपकिरी व्हायला हवी, हलवली की खुळखुळायला हवी. अशा शेंगा भाजीवाल्याकडे मिळत नाहीत, झाडवाल्याकडे मिळतात. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या कुंपणाला, चाळींच्या मागे, एखादा तरी शेवगा असतो. मे महिन्यात वर मान करून चाला, उंचावरच्या वाळलेल्या शेंगा दिसतील, कारण तिथे कुणाचा हात पोचत नाही. जातीला मी महत्त्व दिलं नाही. कोकण रुचिरा असो की तामिळनाडूची पीकेएम, मला दोन्हीकडून बी मिळालं आणि दोन्हीने काम केलं.

दुसरा रस्ता म्हणजे बियाण्याचं दुकान. तिथे एक गोष्ट जपा. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, बहुधा गुलाबी किंवा हिरवट रंग दिसतो. असलं बी पाण्यात टाकायचं नाही. पाकीट वाचा, शंका आली तर सोडून द्या.

वाळलेल्या बीला तीन पातळ पंख असतात आणि आत तपकिरी कवच. दोन्ही काढून टाका, आतला मलईच्या रंगाचा गर घ्या. काळा पडलेला किंवा सुरकुतलेला बाजूला. कवचासकट कुटलं तरी थोडंफार काम होतं, पण पाण्याला रंग येतो आणि मोजमाप बिघडतं. आमच्या मुलीने पहिल्यांदा पंखांसकट मिक्सरमधून काढलं होतं. मिक्सर इथे नकोच, कारण बीमध्ये तेल भरपूर असतं, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पातं गरम झालं की पुडीचा लगदा होतो. खलबत्ता घ्या आणि थोडं थोडं कुटा, मग चहाच्या गाळणीतून चाळा. (मलावीत तेल काढून उरलेली पेंडही चालते असं दिसलं. म्हणजे तेल विकून पेंडीने पाणी निवळायचं. आपल्या घाणीवाल्यांनी हे ऐकायला हवं.)

आता वजन. एक गर साधारण २०० मिलिग्रॅमचा, म्हणजे दहा-अकरा गरांची दोन ग्रॅम पूड होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन ग्रॅम नीट मोजता येत नाही. ओळखीच्या सोनाराकडे जा. आमचा सोनार आधी चक्रावला, मग त्याने एवढ्या कौतुकाने दोन ग्रॅम तोलून पुडी बांधून दिली की मला बांगडीच घेतल्यासारखं वाटलं.

ही दोन ग्रॅम पूड २०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात घाला. बाटलीत घालून पाच मिनिटं जोरात हलवा. दुधासारखं पांढरं होईल. ते स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. झालं तुमचं द्रावण, आणि हिशेबही सोपा: एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. हे द्रावण त्याच दिवशी वापरायचं, फ्रीजमध्ये ठेवून उद्या नाही. प्रथिन आहे ते, नासतं.

पाणी कुठलं घ्यायचं यावर आमचा अर्धा दिवस गेला. आणि हीच मुख्य गोष्ट आहे, म्हणून जरा थांबते.

मुलीने तलावपाळीचं पाणी आणलं होतं, कारण ते जवळ होतं. त्या पाण्याचा हिरवटपणा शेवाळ्याचा, मातीचा नाही, आणि गढूळपणाही फार नसतो. बीचं काम समजून घेतलं तर ती का फसली ते लगेच कळतं. मातीचे अतिबारीक कण ऋण विद्युतभाराचे असतात, म्हणून एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात आणि तळाला जात नाहीत. बीमधलं लहानसं प्रथिन धन भाराचं असतं. ते कणांना चिकटतं, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि जड होऊन बसतात. बोत्स्वाना विद्यापीठातले हबाउका क्वाआम्ब्वा यांनी हे प्रथिन कसं चिकटतं याचाच अभ्यास केला, पुढे युरोपातल्या लोकांबरोबर न्यूट्रॉनच्या झोतानेही पाहिलं. आता पाण्यात कणच कमी असतील तर ते एकमेकांना भेटणार कसे? पूड मात्र पडलेली असते. मग ती पूडच पाण्यात उरते, पाणी पांढुरकं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कुजतं. बरोबर जे तिच्या बाटलीत झालं.

मग मी तिला म्हटलं, पाऊस जोरात पडला की येऊरच्या डोंगरावरून उपवन तलावाच्या बाजूला उतरणाऱ्या ओढ्याचं पाणी घे. जंगलाच्या फाटकाच्या आत जायची गरज नाही आणि जाऊही नये. खाली रस्त्यालगत मिळतं. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री उलटलेली आणि चपला हातात, पण दहा लिटरचा कॅन भरून घेऊन आली. लाल-तपकिरी पाणी. बघूनच मला जुन्या नोकरीची आठवण झाली.

तुमच्या भागात ओढा नसेल तर बांधकामाच्या खड्ड्यात साठलेलं किंवा शेतातून वाहून येणारं पाणी चालेल. नवी मुंबईकडचे लोक खाडीचं पाणी घेण्याच्या मोहात पडतील. नको. खारट पाण्यात मीठच तो विद्युतभार दाबून टाकतं, त्यामुळे खाडीचं पाणी ग्लासात भरून ठेवलं की चिखल आपोआप खाली बसतो. शेवग्याला श्रेय द्याल आणि परीक्षक तुम्हाला झोडपेल.

गढूळपणा मोजायचं यंत्र नसेल तर एक जुनी युक्ती आहे. अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी करा, वरून तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला तर पाणी साधारण ३० एनटीयूच्या आत आहे आणि शेवग्याला तिथे फारसं काम नाही. वाचता आला नाही तर पुढे चला. आमच्या ओढ्याच्या पाण्यातून मथळा सोडा, कागदसुद्धा दिसत नव्हता.

आता सहा ग्लास. एकसारखे, काचेचे, मोठे. एक लिटरच्या काचेच्या बरण्या सगळ्यात बऱ्या, लोणच्याच्या असतील तर तेलाचा वास जाईपर्यंत धुवा. कॅन आधी नीट हलवा, गाळ तळाला बसला असेल तर सहाही बरण्यांत वेगवेगळं पाणी जाईल. प्रत्येकीत एक लिटर. मग औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. पहिल्या बरणीत काहीच नाही. पुढच्या पाचात ५, १०, १५, २० आणि ३० मिलिलिटर द्रावण. म्हणजे लिटरला ५०, १००, १५०, २०० आणि ३०० मिलिग्रॅम.

पहिली बरणी कोरी ठेवायची, हे मी तीनदा सांगते आणि तीनदा मुलं विसरतात. काही न घालता किती गाळ आपला आपण बसतो हे माहीत नसेल तर बाकी पाच बरण्या निरर्थक आहेत.

ढवळणं दोन टप्प्यांत. आधी जोरात, एक मिनिट. ताकाची रवी याला उत्तम आहे. बरण्या सहा आणि हात दोन, म्हणून घरातल्या सगळ्यांना बसवा, नाहीतर एकेक बरणी घड्याळ लावून करा. मग सावकाश, दहा ते पंधरा मिनिटं, मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या. खीर खाली लागू नये म्हणून आपण ज्या संथपणे डाव फिरवतो तेवढंच. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. पुंजके दिसायला लागले की मुलं खुशीत जोरात ढवळतात आणि झालेले पुंजके फोडतात. एकदा फुटले की ते पुन्हा तसे जुळत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलाला पहिला ओरडा याच गोष्टीवरून बसायचा.

मग थांबा. हात लावू नका, बरणी उचलून बघू नका. एक तास झाला की एकदा बघा, दोन तासांनी पुन्हा. मुलीला मी या वेळात कांदेपोहे करायला लावले.

दोन तासांनी आमची कोरी बरणी जवळजवळ तशीच होती, तळाला फक्त जाड वाळू. ५० ची बरणी किंचित फिकी. १०० ची बरीच साफ. १५० आणि २०० नितळ, तळाला तपकिरी साका बोटभर. आणि ३०० ची पुन्हा धूसर. मुलीने सहावीकडे बघून कपाळाला हात लावला. मला मात्र तीच बरणी सगळ्यात आवडली. जास्त बी घातलं की कणांभोवती धन भार इतका जमतो की ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. तुरटीचंही हेच असतं. 'थोडं जास्त घालू, काय बिघडतं?' या आपल्या सवयीला सहावी बरणी हे उत्तर आहे.

तर आमच्या ओढ्याला, त्या दिवशी, लिटरला १५० मिलिग्रॅम. दुसऱ्या पावसानंतर तेच पाणी आणलं तर १०० पुरलं.

ज्यांना बरण्या मांडायच्या नाहीत आणि अंदाज हवाय, त्यांच्यासाठी क्षेत्रात काम करणाऱ्यांत प्रचलित असलेला ठोकताळा असा: ५० एनटीयूच्या आत चार लिटरला एक बी, ५० ते १५० ला दोन लिटरला एक, १५० ते २५० ला लिटरला एक, त्याच्या वर लिटरला दोन. तो सुरुवातीला बरा. पण तुमचं पाणी तुमचंच आहे. ठोकताळ्यावर विसंबून प्रकल्प लिहिलात तर तो तुमचा प्रकल्प नव्हे, दुसऱ्याचा आकडा आहे.

जमलं तर सोबत तुरटीच्या सहा बरण्याही करा. त्यात पीएचचा कागद बुडवा. तुरटीने पीएच खाली येतो, शेवग्याने जवळपास हलत नाही. मोठ्या केंद्रात तुरटीमागोमाग चुना किंवा सोडा घालावा लागतो तो यासाठी. मुलीच्या अहवालात हे एक पान सगळ्यात चांगलं झालं, कारण तिथे तिने स्वतः काहीतरी पाहिलं होतं. तुरटीचा साका घट्ट बसतो आणि शेवग्याचा हलका, जरा धक्का लागला की उठतो, हेही तिने लिहिलं. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

आता निबंध वाचण्याबद्दल, कारण तिच्या मार्गदर्शकांनी 'साहित्य आढावा' मागितला होता आणि ती सगळीकडून पहिल्या परिच्छेदाचं भाषांतर करून चिकटवत होती.

आफ्रिकेतल्या विद्यापीठांचं काम आपल्या मुलांना सापडत नाही, कारण ती पहिल्या पानावर जे येतं तेच बघतात. 'आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन' म्हणून एक साठा आहे, १९९८ पासून चालू आहे आणि दक्षिण आफ्रिकेतून चालतो. तिथे आफ्रिकेतली शेकडो नियतकालिकं एकत्र मिळतात, बरीच फुकट. 'वॉटर एसए' तर उघडंच असतं. विद्यापीठांचे स्वतःचे प्रबंधसंग्रहही आहेत, त्यांत एम.एस्सी.चे प्रबंध मिळतात आणि प्रबंधात निबंधापेक्षा जास्त खरं लिहिलेलं असतं. किती बी, कुठलं फडकं, किती वेळा फसलं. शोधताना 'मोरिंगा' लिहा, 'ड्रमस्टिक' नको, त्याने पाककृतीच येतात.

निबंध हातात आला की निष्कर्ष आधी वाचू नका. चार गोष्टी शोधा. पाणी नदीचं होतं की नळाच्या पाण्यात पांढरी केओलिन माती कालवून बनवलेलं? सुरुवातीचा गढूळपणा किती? गर घेतला की अख्खी बी? आणि पाणी किती तासांनी तपासलं? या चार उत्तरांशिवाय '९५ टक्के स्वच्छ' हा आकडा नुसता आवाज आहे. केओलिनच्या पाण्यातला डोस येऊरच्या लाल मातीला लागू पडत नाही, हे आम्ही बरणीतच पाहिलं.

उदाहरण देते. मलावी विद्यापीठाच्या झोंबा येथील तेव्हाच्या चान्सलर कॉलेजमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी शेवग्याच्या पुडीने पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम कमी होतं का ते पाहिलं, सोबत पूर्व आफ्रिकेतला दुसरा शेवगाही घेतला, मोरिंगा स्टेनोपेटाला. काम चोख आहे. पण ते प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रावणावर आहे. आमच्या मुलीने त्यावरून अहवालात एक वाक्य लिहिलं होतं: 'शेवग्याने औद्योगिक सांडपाण्यातील जड धातू निघून जातात.' मी ते वाक्य लाल पेनाने खोडलं. झोंब्यातल्या माणसाने असं म्हटलेलं नाही, तू त्याच्या तोंडी का घालतेस? तसंच नायजेरियातल्या कानोच्या बायेरो विद्यापीठातले सुलेमान मुयिबी यांनी लिलियन एव्हिसन यांच्याबरोबर १९९५ मध्ये दाखवलं की या बीने जड पाण्याचा जडपणाही उतरतो. नवी मुंबईत बोअरवेलवाल्यांना हे ऐकून आनंद होईल, पण पाणी जितकं जड तितकी बी जास्त लागते. सोसायटीच्या टाकीला पोतंभर बी कुटत बसाल. नको.

व्हॉट्सॲपवर शेवग्याला सगळे मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. पाणी निर्जंतुक, मधुमेह बरा, केस काळे. पाण्यापुरतं मी सांगू शकते. गाळ बसताना बरेच जिवाणूही त्याला चिकटून खाली जातात, हे खरं आहे. पण बरेच म्हणजे सगळे नव्हे. निवळलेलं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे. वरचं पाणी अलगद ओतून घ्या, चार पदरी फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळा. क्लोरीनचे थेंब टाकणार असाल तर लक्षात घ्या, बीतून आलेला सेंद्रिय अंश क्लोरीन खातो, त्यामुळे नेहमीचे थेंब पुरतीलच असं नाही. उकळलेलंही त्याच दिवशी संपवा. साठवलं की त्याच सेंद्रिय अंशावर जिवाणू पुन्हा वाढतात. खार्टुमपासून झोंब्यापर्यंत सगळ्यांना भेडसावलेली अडचण हीच, आणि म्हणूनच क्वाआम्ब्वांसारखे लोक बी सोडून तिच्यातल्या एकट्या प्रथिनाच्या मागे लागले. प्रथिन वेगळं काढता आलं तर कुजायला बाकी काही उरत नाही. ते काम घरच्या खलबत्त्यात होत नाही.

एक प्रयोग मात्र घरी होण्यासारखा आहे. पूड साध्या पाण्याऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवा, २०० मिलिलिटरला दहा-बारा ग्रॅम मीठ. मिठात ते प्रथिन जास्त सुटतं आणि द्रावण कमी लागतं. आम्ही केलं, फरक दिसला. पण मग पाण्यात मीठही गेलं हे अहवालात लिहायचं.

साका नाल्यात ओतू नका, कुंडीत घाला. जास्वंदीला चालला. बरण्या लगेच धुवा, वाळलेला साका काचेला असा धरून बसतो की दुसऱ्या दिवशी नारळाची शेंडी लागते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तिचे तक्ते उलटून पाहिले आणि विचारलं, "कोऱ्या बरणीचा फोटो कुठाय?" तिच्याकडे होता. दोन तासांचा, आणि दुसऱ्या दिवशीचाही. दुसऱ्या दिवशीचा तिने का काढला होता ते तिलाच माहीत. मी काही सांगितलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या शेवग्याच्या शेंड्यावरच्या आठ-दहा शेंगा यंदा मी वॉचमनला काढू दिलेल्या नाहीत. त्याला वाटतं काकू विसरल्या. रोज आठवण करतो, "आमटीला जून होतील." होऊ देत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या खुळखुळायला लागतील. पावसाच्या आधी उतरवायच्या, कारण भिजलेल्या शेंगेतली बी बुरशी धरते, आणि वर कागदाच्या पिशवीत घालून ठेवायच्या, प्लॅस्टिकच्या नाही. कुणाला हव्या असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागा. मग मला लागतील.